पालकांचा हक्क कोणासाठी?

मुलावर घरातच अत्याचार होत असल्याचा संशय आला आणि चौकशी सुरू झाली, तर आईबापांना कोणते हक्क असावेत? आपल्या समाजात हा विषय उघडपणे कोणी काढत नाही. निघालाच तर कोणी म्हणतो, "मूल आमचे, सरकारचा काय संबंध?" दुसरा म्हणतो, "लेकराला मारणाऱ्याला कसले आले हक्क?" आमच्या मते दोघेही चुकतात.

भारतात शाळेत असताना आम्ही छडी खाल्ली आणि तिलाच माया समजलो. परंतु मूल ही मालमत्ता नव्हे, ती ठेव आहे. मुलाला शिस्तीसाठी मारण्याचा अधिकार पालकांना नाही, असा निर्णय इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. १९८९ च्या कायद्याने तर, मुलाला सांभाळणाऱ्यानेच त्याच्यावर अत्याचार केल्याचा सबळ संशय आल्यास कल्याण अधिकाऱ्याला अथवा पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक केले. शिक्षक व डॉक्टर यांनी ते टाळल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. घराण्याची अब्रू हे गप्प बसण्याचे कारण होऊ शकत नाही.

मग दुसरे मत का चुकते? कारण संशय म्हणजे पुरावा नव्हे. आमच्या परिचयातील एका घरी बालवाडीच्या तक्रारीवरून चौकशी झाली. आजीबाईंचे हिब्रू बाजारापुरते. घाबरून त्या प्रत्येक प्रश्नाला "केन, केन" म्हणत गेल्या, आणि न केलेला गुन्हा कबूल करून बसल्या. पुढे मराठी जाणणारी व्यक्ती मिळाली तेव्हा उलगडा झाला. मारणारा बाप होता, आजी नव्हे. त्या माऊलीला कोणी ऐकलेच नसते, तर मूल मारणाऱ्यापाशी राहिले असते आणि मायेच्या माणसाला मुकले असते.

म्हणूनच कायद्याने मर्यादा आखल्या आहेत. मूल तातडीच्या धोक्यात असल्यास अधिकारी संमतीविनाही त्याला हलवू शकतो, परंतु न्यायालयाच्या मंजुरीवाचून एका आठवड्यापलीकडे नाही. न्यायालयात पालकांना आपली बाजू मांडता येते. वकील करावा. ऐपत नसल्यास सरकारी कायदेविषयक मदतीसाठी अर्ज करावा. भाषा समजत नसल्यास दुभाषा मागावा, आणि न समजलेल्या कागदावर सही करू नये. पोलिसांनी संशयित ठरविल्यास मौन पाळण्याचा व वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे.

एका ठिकाणी मात्र पालकाने मागे सरावे. चौदा वर्षांखालील मुलाची जबानी खास प्रशिक्षित तपासनीस घेतात, आणि तेव्हा आईबाप शेजारी नसतात. काळजाला हे लागते. परंतु आईबापांच्या डोळ्यांकडे पाहत मूल मोकळेपणी बोलेल कसे? आपली बाजू सांगणे हा हक्क आहे. मुलाचे तोंड बंद करणे हा नाही.

शलोमो राजापुढे दोन स्त्रिया एकाच बाळासाठी भांडत आल्या. राजाने आधी दोघींचेही ऐकून घेतले. खरी आई कोणती, हे मात्र तेव्हाच कळले, जेव्हा तिने बाळाच्या जिवासाठी आपला दावा सोडला.

पालकाचा हक्क खरा, पण तो मुलासाठी आहे. चौकशीच्या दिवशी हक्क मागताना प्रत्येकाने मनाशी विचारावे, हा मी लेकरासाठी मागतो आहे की स्वतःला लपविण्यासाठी?