सैतानाच्या जागी कोण?

मध्ययुगीन इंग्लंडमधील चर्चमध्ये, वेदीकडे जाणाऱ्या कमानीच्या वर एक भव्य भित्तिचित्र रंगविण्याची प्रथा होती. मध्यभागी न्यायासनावर प्रभू ख्रिस्त, त्याच्या उजवीकडे स्वर्गाच्या वाटेला लागलेले आत्मे आणि डावीकडे नरकाच्या आ वासलेल्या जबड्यात लोटले जाणारे अभागी जीव. या चित्राला तेथील लोक 'डूम' म्हणत. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ न्यायनिवाडा असा होता. सॉल्सबरी येथील संत थॉमस चर्चमध्ये पंधराव्या शतकातील असे एक चित्र आजही पाहावयास मिळते. धर्मसुधारणेच्या काळात त्यावर चुना फासला गेला आणि एकोणिसाव्या शतकात ते पुन्हा उजेडात आले.

१० डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यातून जगापुढे आलेल्या एका संगणकीय खेळाचे नावही 'डूम'च आहे. आयडी सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीतील जॉन कारमॅक या तरुणाला ते सुचले १९८६ सालच्या एका चित्रपटातील संवादावरून. भित्तिचित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. तथापि नरक या खेळातही आहे. मंगळाच्या फोबोस या उपग्रहावर माणसाच्या प्रयोगांतून नरकाचे दार उघडते, शिंगांचे राक्षस बाहेर पडतात आणि एकटा सैनिक बंदूक घेऊन त्यांच्यावर चालून जातो. एवढीच त्याची कथा.

या खेळाला तीस वर्षे उलटून गेली. संगणकांच्या जगात तीस वर्षे म्हणजे एक युगच! त्या काळातील असंख्य खेळ आज विस्मृतीत गेले आहेत. डूम मात्र अजून खेळला जातो. हौशी मंडळींनी तो कॅल्क्युलेटरवर आणि छपाईयंत्राच्या इवल्याशा पडद्यावरही चालवून दाखविला आहे. २०१५ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथील खेळांच्या संग्रहालयाने व्हिडिओ गेम्सचे मानदालन सुरू केले, तेव्हा पहिल्या सहा खेळांत डूमला स्थान मिळाले. या टिकाऊपणाचे रहस्य काय? आणि भाविक माणसाने त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे?

काही कारणे उघड आहेत. खेळाचा पहिला भाग विनामूल्य होता. तो मित्रामित्रांत वाटण्याची मुभा होती. चौघांना आपापले संगणक जोडून एकत्र खेळता येई. त्याहून महत्त्वाचे कारण म्हणजे त्याची रचना. खेळ चालविणारे यंत्र वेगळे आणि त्यातील चित्रे, आवाज व नकाशे वेगळ्या फाइलमध्ये, अशी ती होती. त्यामुळे कोणीही आपले नवे नकाशे रचावेत, राक्षसाच्या जागी दुसरे चित्र बसवावे, हे शक्य झाले. डिसेंबर १९९७ मध्ये तर निर्मात्यांनी त्याची मूळ संहिताच खुली केली. ज्यांनी हा खेळ घरासारखा पुन्हा पुन्हा बांधला, त्यांनीच तो जिवंत ठेवला.

परंतु आम्हांला वाटते, खरे आकर्षण याहून खोल आहे. या प्रकारच्या खेळाला प्रथमपुरुषी म्हणतात. पडदा म्हणजे खेळणाऱ्याचे स्वतःचे डोळे. समोर अंधारे दालन आणि खाली आपल्याच हातातील बंदूक. आपला चेहरा दिसतो तो पडद्याच्या तळाशी एका चौकटीत. जखमा होतील तसा तो रक्ताळत जातो. दुष्टता समोर आहे, तिला शिंगे आहेत, ती ओळखण्यात चूक होणे नाही. शेवटी चोख हिशेब मिळतो : शत्रू किती टक्के मारले, वस्तू किती मिळविल्या, गुप्त जागा किती शोधल्या, वेळ किती लागला. संसारात आणि कचेरीत कोण बरोबर, कोण चूक, या संभ्रमात दिवसभर पिचलेल्या माणसाला असे लख्ख जग हवेहवेसे वाटले, तर नवल ते काय?

खेळाचा आनंद हे पाप नव्हे. शरीराला जशी विश्रांती हवी तशी मनाला खेळाची विश्रांती हवी, असे संत थॉमस अक्वायनस यांनी सांगितले आहे. प्रमाण सुटू नये एवढीच त्यांची अट. दुसऱ्या बाजूला संत ऑगस्टीन आपल्या मित्राची, अलिपियसची हकीकत सांगतात. रोममध्ये मित्रांनी त्याला बळेच रणक्रीडा पाहण्यास नेले. तो डोळे मिटून बसला. पण गर्दीची आरोळी ऐकून त्याने डोळे उघडले आणि रक्ताच्या त्या दृश्यात तो बुडून गेला. अर्थात तेथे जिवंत माणसे मरत होती. येथे मरतात ती चित्रे. हा फरक लहान नव्हे. डूमचे अनेक नकाशे रचणारे सँडी पीटरसन हे श्रद्धाळू मॉर्मन. राक्षस हे शेवटी खलनायकच आहेत, मग त्यात धर्माला बाधा कोणती, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो सहजासहजी झटकून टाकण्याजोगा नाही.

तरीही एक गोष्ट खटकते. १९९०च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलाने डूमच्या दुसऱ्या भागात फेरफार करून सैनिकांच्या छोट्या तुकड्यांच्या सरावासाठी एक आवृत्ती बनविली. देशरक्षणाचे कर्तव्य ख्रिस्तसभा नाकारीत नाही आणि सरावाचा हेतू परस्पर सहकार्य शिकविण्याचा होता, हेही मान्य. पण घडले काय? राक्षस निघून गेले आणि त्यांच्या जागी माणसे आली. त्यासाठी नवे यंत्र लागले नाही. चित्रे बदलली की भागले. सैतानाची ती जागा मुळात रिकामीच होती. तेथे कोणाला उभे करावे, हे ठरविणारे आपण.

२० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. बारा विद्यार्थी व एक शिक्षक त्या दिवशी प्राणास मुकले. मारेकऱ्यांना डूमचे वेड होते. त्यांपैकी एकाने त्याचे नकाशेही रचले होते. मग सारा रोष त्या खेळावर उसळला. मात्र लक्षावधी लोक तोच खेळ खेळले आणि त्यांनी कोणावर हात उगारला नाही. खेळांच्या कंपन्यांवर भरलेला दावा २००२ साली न्यायालयाने फेटाळला. आम्ही खेळाची वकिली करीत नाही. हिंसेचा गौरव करणाऱ्या खेळांची पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ सालच्या आपल्या संदेशात कठोर निर्भर्त्सना केली आहे आणि ती योग्यच आहे. तथापि संतापलेल्या समाजाने खेळालाच शिंगे लावली, तेव्हा त्यानेही खेळाचीच रीत अवलंबिली नाही काय? दुष्टता बाहेर, तिकडे, त्या डब्यात, आम्ही सुरक्षित. त्या दोन मुलांच्या अंतःकरणात द्वेष कसा साचला, शस्त्रे त्यांच्या हाती कशी आली, हे प्रश्न अधिक अवघड होते.

माणसाला विटाळणारे ते त्याच्या अंतःकरणातून निघते, असे प्रभू येशूने बजावले. आपले युद्ध रक्तमांसाशी नाही, असे संत पौलाने इफिसकरांना लिहिले. जुन्या भित्तिचित्राचे मर्मही हेच. अशा अनेक चित्रांत मुकुट घातलेला राजा आणि शिरस्त्राण धारण केलेला बिशपही नरकाकडे ओढला जाताना दिसतो. खाली उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या हाती बंदूक नव्हती. चित्र त्यालाच विचारीत होते : तू कोणत्या बाजूला? संगणकावरील डूम हा प्रश्न कधीच विचारीत नाही. ज्याचा डोळा बंदुकीमागे, त्याचा न्याय होत नाही.

म्हणून आईवडिलांनी मुलाच्या खेळाचे तास जरूर मोजावेत, वयाची मर्यादा पाळावी, पण त्याच्याशेजारी बसून एकदा हेही विचारावे की, "बाळा, समोरचा कोण आहे? त्याला तू का मारतोस?" उत्तर ऐकावे. कदाचित ते अगदी निरागस असेल. कदाचित नसेल. आणि ज्यांनी आयुष्यात एकही खेळ खेळलेला नाही, त्या आपणा वडीलधाऱ्यांचे काय? बांधावरून भांडणारा सख्खा भाऊ, दुरावलेली सून, परक्या धर्माचा शेजारी, यांच्या कपाळी आपण मनातल्या मनात शिंगे काढतोच ना?

ख्रिस्तसभेने आपल्याला एक वेगळी प्रथमपुरुषी रीत दिली आहे. पापनिवेदनाला गुडघे टेकताना भावाची किंवा सुनेची पापे सांगायची नसतात. तेथील वाक्याचा कर्ता 'मी' असतो. आपला चेहरा तेथे कोपऱ्यातल्या चौकटीत राहत नाही. तो प्रभूसमोर येतो, आणि तेथे टक्केवारी नसते, क्षमा असते.