मित्राचे सुतक

केज तालुक्यातील युसूफ वडगाव असो वा मराठवाड्यातील दुसरे एखादे गाव, मृत्यूनंतरचे दिवस तेथे नात्याच्या मापाने मोजले जातात. भावकीला, म्हणजे एकाच पूर्वजापासून आलेल्या घरांना, दहा दिवसांचे सुतक लागते. तिसऱ्या दिवशी राख सावडतात, सोयरे कडू घास आणतात, पुढे दुखवट्याचे कापड येते. या साऱ्यात मित्राला काम पुष्कळ असते, कारण लाकडे रचणारा, खांदा देणारा आणि दूरच्या सोयऱ्यांना फोन लावणारा बहुधा तोच असतो. मात्र मातीहून परतून अंघोळ केली की रूढीच्या लेखी तो मोकळा होतो. पितृपक्षातील महालयात गुरू, शिष्य आणि मित्र यांच्या नावे पिंड देण्याची परंपरा आहे खरी, पण सगळे नातलग संपल्यावर, यादीच्या शेवटी. त्याच गावांतील मुस्लिम घरांची रीत या बाबतीत अधिक समदर्शी म्हणावी लागेल, कारण कबरीला मूठभर माती देताना कोणाचे नाते विचारले जात नाही.

अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये रूढीच्या मापात न बसणाऱ्या अशा दुःखाला स्वतंत्र संज्ञा दिली. तिचा आशय असा की, काही शोक समाज ओळखतच नाही आणि म्हणून तो करणाऱ्याला रडण्याची जागा, रजा किंवा सांत्वन यांपैकी काहीच मिळत नाही. मराठी परंपरेने या प्रश्नाला सिद्धान्ताचे रूप दिले नाही. तिने त्याला एक मोठे उदाहरण दिले, आणि ते नामदेवांचे आहे.

शके 1218 च्या, म्हणजे इसवी सन 1296 च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. त्या वेळी निवृत्तिनाथ, सोपानदेव आणि मुक्ताबाई ही सख्खी भावंडे तेथे होती. तरीही त्या दिवसाचे सविस्तर वर्णन परंपरेने मित्राच्या, म्हणजे नामदेवांच्या, तोंडी घातले आहे. नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांत सांत्वनाचा उपदेश आहेच, पण त्याहून अधिक मन वेधून घेतो तो तपशील: कोण कोण जमले, कोण कसे रडले, निवृत्तिनाथांनी हात धरून धाकट्या भावाला कसे आत नेले. नामदेवांच्या मुलांनी समाधीची जागा झाडून स्वच्छ केल्याचेही परंपरा सांगते, आणि मित्राच्या घरच्यांना मिळालेले हे हातचे काम कोणत्याही तत्त्वज्ञानाइतकेच मोलाचे मानले पाहिजे. हे सर्व अभंग खरोखर नामदेवांचेच का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु ते पुढच्या कोणी रचले असले तरी त्याला हा शोक सांगण्यासाठी मित्राचाच आवाज योग्य वाटला, ही गोष्ट अधिकच बोलकी ठरते.

ज्ञानेश्वर आत्मज्ञानी होते, समाधी त्यांनी स्वेच्छेने घेतली, म्हणजे शोकाला कारणच नाही, असा युक्तिवाद नामदेवांपुढे तयार होता. अभंगांतील नामदेव तो ऐकतात आणि रडतातही. सांत्वन म्हणजे दुःख चूक ठरवणे, असा जो समज दहाव्याच्या प्रवचनांत वारंवार आढळतो, त्याला येथे आधार मिळत नाही. येथील दिलासा वेगळ्या मार्गाने येतो: गेलेल्याची हकीकत चारचौघांत, क्रमवार, पुन्हा पुन्हा सांगितली जाते आणि एकट्याचा शोक ऐकणाऱ्यांचाही होतो. आजही समाधीदिनी आळंदीत नामदेवांच्या वंशातील नामदास महाराजांचे समाधीवर्णनाचे कीर्तन होते. नामदेव स्वतः त्यानंतर सुमारे 54 वर्षे जगले आणि परंपरेनुसार पंजाबातील घुमानपर्यंत गेले.

बीड जिल्ह्यात या विचाराला एक कठीण अडचण येते. दिवाळीनंतर केज परिसरातील असंख्य ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. तेथे नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून धरली जाते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत परतणे अवघड असते. सख्ख्या भावाच्या मातीला येणेही ज्यांना जड जाते, त्यांना मित्राच्या मातीसाठी सुट्टी मागता येत नाही. असा माणूस हंगाम संपल्यावर गावी येतो तेव्हा तेरावा कधीच होऊन गेलेला असतो आणि रडण्याचे दिवस घरच्यांनीही मागे टाकलेले असतात. तरी तो त्या घरी जातो, चहा होतो, आणि शेवटच्या दिवसांची सगळी हकीकत त्याला पहिल्यापासून सांगावी लागते. सांगणाऱ्यालाही ती पुन्हा एकदा सांगायला मिळते.