विश्वरूपदर्शनातील संहार आणि त्याचा छंद

भगवद्गीतेचा अकरावा अध्याय हे संहाराचे काव्य आहे, आणि हा संहार प्रत्यक्ष ईश्वराच्या मुखात घडत असल्यामुळे काव्याची लय हिंसेला पावित्र्य देते काय, हा प्रश्न त्याच्या अर्थाइतकाच त्याच्या छंदालाही विचारावा लागतो. अध्यायातील 55 श्लोकांपैकी पहिले 14 आणि शेवटचे 5 अनुष्टुभात, म्हणजे आठ अक्षरांच्या चरणांत आहेत. मधले 36 श्लोक त्रिष्टुभात, म्हणजे अकरा अक्षरांच्या चरणांत येतात. ऋग्वेदात सर्वाधिक आढळणारा हा छंद परंपरेने इंद्राचा मानला गेला आहे आणि वृत्रवधाचे प्रसिद्ध सूक्तही त्याच छंदात आहे, त्यामुळे विराट रूपाच्या वर्णनासाठी गीतेने ही जुनी लय स्वीकारली हे उचितच होते.

नादाची वीण सर्वांत दाट होते ती 25 ते 30 या श्लोकांत. विक्राळ दाढा सांगणारा जोडाक्षरांनी जड झालेला समास 25व्या श्लोकानंतर 27व्यात पुन्हा येतो, आणि ‘शिरतात’ या अर्थाचे ‘विशन्ति’ हे क्रियापद 27व्या श्लोकापासून सलग तीन श्लोकांत ऐकू येते. पतंगांची उपमा देणाऱ्या 29व्या श्लोकात दोन्ही अर्ध एकाच शब्दावर संपतात. नाश आणि प्रवेश सांगणारे शब्द दुसऱ्या अर्धात आपली जागा बदलतात, वेग मात्र तोच राहतो. त्यापुढच्या श्लोकातील ‘लेलिह्यसे’ (‘तू चाटतोस’) हे यङन्त रूप आहे, म्हणजे धातूच्या आरंभाची द्विरुक्ती करून क्रिया पुनःपुन्हा घडत असल्याचे सांगणारे रूप. ते उच्चारताना वाचकाची जीभच दोनदा चाटल्यासारखी हलते. या ओळींत योद्ध्यांना कोणी ढकलत नाही, ते स्वतःच धावत आत शिरतात, आणि सर्वाधिक भीती याच व्याकरणात आहे.

गीतेचा अर्थ मराठी ओव्यांत मांडणाऱ्या ज्ञानेश्वरांपुढे अडचण वेगळी होती, कारण पहिल्या तीन चरणांत यमक साधणारी आणि चौथा चरण आखूड ठेवणारी ओवी ग्रंथभर एकच असल्याने छंदबदल दाखवण्याची सोय तिच्यात नव्हती. अध्यायाच्या आरंभीच त्यांनी शांतरसाच्या घरी अद्भुतरस पाहुणा आल्याचे सांगितले आणि 55 श्लोकांचा विस्तार 700हून अधिक ओव्यांत केला. अद्भुतरस त्यामुळे समृद्ध झाला, परंतु संस्कृतातील हिसका ओवीच्या संथ चालीत काहीसा मवाळ झाला, असे म्हणावे लागते.

मूळ प्रश्नाचे उत्तर 32 ते 34 या श्लोकांत सापडते. आपण लोकक्षय करणारा काळ आहोत आणि हे योद्धे आधीच मारले गेले आहेत, असे श्रीकृष्ण तेथे सांगतो. पण अर्जुन ज्या छंदात थरथरत बोलतो, त्याच छंदात हे सांगितले जाते. संहाराच्या समर्थनाला कवीने निराळी, निर्भय लय दिलेली नाही. पुढे मानवी रूप पाहून अर्जुन भानावर येतो, आणि नेमका त्याच 51व्या श्लोकात अनुष्टुभ परततो. म्हणून युद्धाच्या समर्थनासाठी 32वा किंवा 33वा श्लोक सुटा काढणाऱ्याने आधी 15 ते 50 हे सर्व श्लोक मोठ्याने, सलग म्हणावेत.