मुखवटा आणि मुख

शुभवर्तमानात प्रभू येशू परूश्यांना 'ढोंगी' म्हणून खडसावतो. त्या शब्दामागील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'नट' असा होतो. आरंभीच्या ख्रिस्तसभेत काही ठिकाणी बाप्तिस्मा मागणाऱ्या नटास आधी आपला व्यवसाय सोडावा लागे. अभिनय म्हणजे असत्य, हे समीकरण इतके जुने आहे. ते न्याय्य आहे काय?

डॉ. श्रीराम लागू यांची कारकीर्द पाहता आम्हांस तसे वाटत नाही. १९२७ साली साताऱ्यात जन्मलेले लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. आफ्रिकेतही त्यांनी वैद्यकी केली. १९६९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, ती सोडून ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले आणि १९७० साली शिरवाडकरांचे 'नटसम्राट' त्यांनी उभे केले. पुढे 'सामना'मध्ये साखरसम्राटाला बेपत्ता मारुती कांबळेविषयी विचारीत राहणारा व्यसनी मास्तर त्यांनी साकारला. आम्हा कोपरगावच्या ऊसकरी मुलखातील लोकांना तो मास्तर परका वाटत नाही.

परंतु आमच्या प्रश्नाला खरी धार येते ती १९७२ च्या 'पिंजरा'त. तमासगिरिणीच्या मोहात पडलेल्या आदर्श गुरुजींना गाव मृत समजते व त्यांचा पुतळा उभारते. पुढे स्वतःच्याच खुनाचा आरोप गुरुजींवर येतो. गावापुढील आदर्श भंगू नये म्हणून ते मौन पाळून फाशी पत्करतात. प्रेक्षक हेलावतो. आम्हीही हेलावलो. तरीही हे मौन आम्हांस मान्य होत नाही. नाट्यगृहातील प्रेक्षकाला समोरचा नट आहे हे ठाऊक असते, म्हणून तेथे फसवणूक नाही. गावाला मात्र ते ठाऊक नाही. संत पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले, ही गोष्ट चारही शुभवर्तमानकारांनी लिहून ठेवली. आपल्या पहिल्या मेंढपाळाची लाज झाकण्याची त्या मंडळीला गरज भासली नाही, आणि तरी ती टिकली.

लागू स्वतः नास्तिक होते. देवाला निवृत्त करा, असे त्यांनी उघडपणे लिहिले. लोकप्रियतेवर जगणाऱ्या नटाने असे बोलणे सोपे नव्हे. त्यांचा निष्कर्ष आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. पण नास्तिकतेच्या उगमात श्रद्धावंतांच्या वर्तनाचाही वाटा असू शकतो, हे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ सालीच मान्य केले आहे. आम्ही धर्मगुरूही वेदीपाशी विशेष वस्त्रे परिधान करून दुसऱ्याचे, साक्षात ख्रिस्ताचे, शब्द उच्चारतो. नटाला पडदा पडल्यावर रंग पुसता येतो. आमचे तसे नाही. मिस्सा संपल्यावरही ते शब्द आमच्याकडे जाब मागतात. समोर बसलेली कुटुंबे हे जाणतात. आमचा प्रवचनातील आवाज आणि अंगणातील आवाज ती ताडून पाहत असतात.

१७ डिसेंबर २०१९ रोजी लागू पुण्यात निवर्तले. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केलेला निधी 'सामाजिक कृतज्ञता निधी' या नावाने ओळखला जातो.