गैरहजर मालकाचे घर

समुद्राकाठी घर घ्यायचे, वर्षातून आठ-दहा दिवस आपण राहायचे आणि बाकीचे दिवस पर्यटकांना भाड्याने द्यायचे, हा बेत सोलापुरात आता नवलाईचा राहिलेला नाही. रत्नागिरी-नागपूर महामार्ग सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर असे टप्पे घेत गणपतीपुळ्याच्या वाटेला लागतो. २०२५च्या जूनमध्ये सोलापूरहून गोव्याला विमानही सुरू झाले. निवृत्तीचा फंड हाती आलेले प्राध्यापक, डॉक्टर दांपत्य, चादरी-टॉवेलचे कारखानदार, सांगोल्याकडचे डाळिंब बागायतदार अशा सगळ्यांना हा बेत मोहात पाडतो. तो मांडला जातो तोही ठरलेल्या शब्दांत: घराचे हप्ते घरच फेडील.

घर हप्ते फेडते का, हे कागदावर पाहता येते. समजा, मालवण किंवा गणपतीपुळ्याच्या आसपास दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघर असलेला ६० लाखांचा फ्लॅट घेतला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, खाटा-गाद्या, एसी, इन्व्हर्टर असे सगळे धरून आणखी १० लाख लागतात. ७० लाखांपैकी ३० लाख पदरचे आणि ४० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता ३४,७०० रुपयांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे ४ लाख १६ हजार.

आता आवक. कोकणात पर्यटक येतो तो दिवाळी, नाताळ, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना. जून ते सप्टेंबर किनारा जवळजवळ मिटलेला असतो. पावसाळ्यात जलक्रीडा बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या होड्याही बंद. उरलेल्या आठ महिन्यांत साधारण ३५ शनिवार-रविवार येतात. त्यांच्या दोन-दोन रात्री धरल्या तर ७०, त्यात सणासुदीच्या आणि मे महिन्याच्या ४० मिळवल्या तर ११० रात्री होतात. एकही शनिवार-रविवार रिकामा न जाता हे साधते, म्हणजे अंदाज कंजूष नाही, उदारच आहे. रात्रीला ४,००० रुपये धरले तर वर्षाचे ४ लाख ४० हजार. कागदावर हप्ता निघाला, आणि विकणारा आपला कागद इथेच घडी करतो.

पुढचा कागद असा. ऑनलाइन बुकिंगचे कमिशन १५ टक्क्यांनी ६६ हजार. किल्ली सांभाळणारा, पाहुण्यांना उतरवून घेणारा माणूस महिना १० हजारांवर ठेवला तर १ लाख २० हजार. धुलाई-सफाई २५ हजार, वीज ५० हजार, सोसायटी ३० हजार, घरपट्टी आणि विमा १४ हजार, पावसाळ्यानंतरची डागडुजी ४५ हजार. बेरीज साडेतीन लाख. हातात राहतात ९० हजार. ७० लाखांवर हा परतावा सव्वा टक्क्याच्या थोडा वर जातो, आणि हप्त्यासाठी दरवर्षी खिशातून ३ लाख २६ हजार घालावे लागतात.

त्यातले ८० हजारांच्या आसपास पहिल्या वर्षी मुद्दलात जमा होतात, हे न्यायाने वजा केले पाहिजे. पण पदरचे ३० लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर १ लाख ९५ हजार व्याज आले असते, तेही न्यायानेच धरले पाहिजे. दोन्ही मिळून वर्षाची झीज ४ लाख ४० हजारांच्या घरात जाते. ती भरून निघायला ६० लाखांच्या घराची किंमत दरवर्षी सात टक्क्यांहून अधिक वाढायला हवी, आणि ही वाढ केवळ बरोबरीत येण्यासाठी. कर्ज न काढता सगळे रोख दिले आणि १८० रात्री भरल्या, तरी खर्च जाऊन चार टक्क्यांच्या आसपासच उरते. ठेवीचे व्याज त्याहून जास्त आहे, आणि ठेवीला रंग द्यावा लागत नाही.

डागडुजीच्या त्या ४५ हजारांकडे जरा जवळून पाहायला हवे, कारण सोलापुरी नजरेला तो आकडा फुगवलेला वाटतो. सोलापुरात लोखंडी ग्रिलला एकदा रंग दिला की वर्षानुवर्षे पाहावे लागत नाही. समुद्राकाठी खारी हवा ग्रिल, बिजागऱ्या, पंख्याचे स्क्रू, एसीच्या बाहेरच्या यंत्राची जाळी असे सगळे खात सुटते. सोलापूरच्या पाच-सहा पट पाऊस चार महिन्यांत कोसळतो. जांभ्याच्या भिंतीवर शेवाळ चढते, बंद कपाटातल्या गाद्यांना बुरशी धरते, प्लायवूड फुगते. खोलीत ठेवलेला सोलापुरी टेरी टॉवेल जुलैत चार दिवस दोरीवर राहिला तरी ओलाच, आणि त्याला जो कुबट वास लागतो तो दोन धुण्यांतही निघत नाही. घर उघडे राहिले, वारे खेळत राहिले तर हे नुकसान निम्म्यावर येते. बंद घराला मात्र कोकण माफ करत नाही.

त्यात वादळे आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, दापोली भागातली छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. वर्ष उलटण्याआधी, मे २०२१मध्ये, तौक्ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीला घासून गेले. दोन्ही वेळा कोरोनामुळे पर्यटन आधीच थांबलेले होते. हप्ता मात्र हंगाम पाहत नाही.

मग तारकर्ली-देवबागच्या वाडीत घरगुती निवास चालवणारी कुटुंबे कशी टिकतात? समुद्र तोच, हंगामही तोच. फरक एवढाच की मालक तिथेच राहतो. वरच्या हिशेबातले सव्वा लाख रखवालदाराला जातात, ते इथे घरातच राहतात. खोली झाडणारी, सोलकढी करणारी, मासे आणणारी माणसे घरचीच. पाहुणा दुसऱ्यांदा येतो तो थेट फोन करून, त्यामुळे कमिशन वाचते. छपराचे कौल सरकले तर त्याच दिवशी शिडी लागते. जमीन वडिलोपार्जित, म्हणून हप्ता नाही, किंवा असला तर दोन खोल्या वाढवण्यापुरता. राज्याच्या पर्यटन विभागाची निवास-न्याहरी योजना याच कल्पनेवर उभी आहे: राहत्या घरातल्या काही खोल्या पाहुण्यांना द्याव्यात.

सोलापूर जिल्ह्याला हे गणित अनोळखी असायचे कारण नाही. पंढरपुरात आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार वाऱ्या भरतात, आणि देवळाच्या आसपासच्या घरांतून वारकऱ्यांना उतरवून घेण्याची रीत जुनी आहे. तिथेही हंगाम मोजक्या दिवसांचाच. तरी ते परवडते, कारण घरमालक वर्षभर त्याच घरात राहतो. वारीचे उत्पन्न ही संसाराला लाभलेली जोड असते, कर्ज फेडण्याचे साधन नसते. एखाद्याने पुण्यात बसून केवळ वारीच्या भाड्यासाठी कर्ज काढून पंढरपुरात वाडा घेतला, तर तोट्यात जाईल हे कोणताही पंढरपूरकर सांगेल. मालवणच्या बाबतीत सोलापूरकर त्याच जागी उभा असतो.

म्हणजे समुद्राकाठचे घर कमाई देते ती तिथे हजर असणाऱ्याला. साडेतीनशे-चारशे किलोमीटरवरच्या मालकाला ती हजेरी विकत घ्यावी लागते, आणि तिची पुरती किंमत मोजली तर नफा उरत नाही. तरीही काही घरे नफ्यात चालतात. ती का चालतात हे पाहू लागले की हिशेबाचा प्रश्न नीतीचा होतो.

पहिली कात्री रखवालदाराच्या पगाराला लागते. १० हजारांऐवजी ५ हजार, वर आउटहाउसमध्ये राहायची सोय, म्हणजे त्याच्या बायकोची झाडलोट फुकट. दुसरी कात्री नोंदणीला. गोव्यात पर्यटकांना भाड्याने घर द्यायचे तर १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंद करावी लागते. ती टाळली की शुल्क, तपासणी, अग्निशामक यंत्र सगळेच टळते. तिसरी कात्री रोखीच्या भाड्याला, जे विवरणपत्रात दिसत नाही. चौथी सांडपाण्याला. शोषखड्डा नियमाप्रमाणे न बांधता दहा माणसांचा बंगला चालवला तर लाखभर वाचतात, आणि वाळूच्या जमिनीतून ते पाणी शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत पोचते. यांतली एकेक गोष्ट किरकोळ म्हणून सोडून दिली जाते. बेरीज केली तर ती वर्षाला लाख-दीड लाखांची होते, म्हणजे अशा घराच्या नफ्याइतकीच. ज्याला परतावा म्हणतात तो बऱ्याचदा कुणाचे तरी न दिलेले देणे असतो.

पाण्याचा मुद्दा सोलापूरकराला तरी समजावून सांगावा लागू नये. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरातला माणूस पावसाच्या कोकणात घर घेतो, तेव्हा तिथे पाण्याला तोटा नाही असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. पर्यटनाचा ऐन हंगामही तोच. जलतरण तलाव असेल तर मे महिन्यात रात्रीचे भाडे दीडपट मिळते, आणि तो भरतो त्याच महिन्यात वाडीची विहीर तळाला गेलेली असते.

खरेदीच्या टप्प्यावरही काही गोष्टी नजरेआड होतात. ‘हमखास भाडे’ ही त्यातली एक. बिल्डर पहिली तीन वर्षे दरवर्षी दोन लाख भाडे देण्याची हमी देतो. पुष्कळदा ही सहा लाखांची रक्कम किमतीत आधीच चढवलेली असते. खरेदीदार त्या सहा लाखांवर मुद्रांक शुल्क भरतो, कर्जाचे व्याज भरतो, आणि मग आपलेच पैसे भाडे म्हणून परत घेतो. चौथ्या वर्षी हमी संपते आणि खरे भाडे कळते. प्रकल्प महारेराकडे नोंदलेला आहे का, हे पाहणे आवश्यकच आहे. पण ती नोंदणी इमारतीची असते, भाड्याच्या आश्वासनाची नव्हे.

जमिनीचा कागद त्याहून नाजूक. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ची, नंतरच्या २०११ आणि २०१९च्या. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून साधारण २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. दाट वस्तीच्या भागासाठी २०१९च्या अधिसूचनेने हे अंतर ५० मीटरवर आणले. ‘पायरी उतरली की वाळू’ असे सांगून दाखवलेला प्लॉट म्हणूनच आधी नकाशावर पाहावा लागतो. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. सोलापूरच्या बागायतदाराकडे सातबारा असल्याने ही अट त्याला अडवत नाही, आणि नेमका तोच बेसावध राहतो. कोकणातला सातबारा देशावरच्यासारखा दोन-तीन नावांचा नसतो. एका आमराईवर वीस-वीस सहहिस्सेदार, त्यांतले निम्मे मुंबईला, काही हयात नाहीत, कुठे कुळाचे नाव, कुठे भोगवटादार वर्ग २ची नोंद. एका भावाने विकले आणि दुसऱ्याच्या मुलाने दावा लावला, असे खटले दिवाणी न्यायालयांत वर्षानुवर्षे चालतात.

कराचे थोडक्यात सांगता येईल. घरभाडे म्हणून दाखवलेल्या उत्पन्नावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. न्याहरी-सफाईसह रोजचे पाहुणे घेणारे घर मात्र व्यवसायात मोडू शकते. कर्जाच्या व्याजामुळे दिसणारा तोटा जुन्या करप्रणालीत पगारातून २ लाखांपर्यंत वळता करता येतो, नव्या प्रणालीत ती सोय नाही. ‘टॅक्स वाचेल’ म्हणून घर घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण आता नव्या प्रणालीत आहेत.

हा व्यवहार शहाणपणाचा ठरतो अशा परिस्थिती आहेत, पण त्या मोजक्याच आहेत. कर्ज नाही, कुटुंबातले कोणी निवृत्तीनंतर वर्षातले सात-आठ महिने तिथे राहणार आहे, किंवा मूळ गाव कोकणातलेच, नोकरीसाठी सोलापुरात आलेले, आणि भावाचे घर शेजारी आहे. भाड्याची अपेक्षा न ठेवता, विश्रांतीसाठी म्हणून घेतले तरी त्यात गैर काही नाही. ती चैन आहे, आणि परवडणाऱ्या माणसाने चैन करू नये असे कोणी म्हणत नाही. अशा घराची वर्षाची किंमत चार-साडेचार लाखांहून कमी नाही एवढे माहीत असावे. त्याच गावात वर्षाला दहा रात्री भाड्याने राहण्याला ४० हजार लागतात, आणि ते पैसे तिथल्या माणसाच्या घरात जातात.

विकायची वेळ येते तेव्हा दुसरा हिशेब सुरू होतो. सोलापुरात होटगी रोडच्या फ्लॅटला शेजारीपाजारी गिऱ्हाईक मिळते. समुद्राकाठच्या दुसऱ्या घराला गिऱ्हाईक म्हणजे तशीच हौस आणि तेवढीच शिल्लक असलेला आणखी एक बाहेरचा माणूस, आणि तोही नव्या इमारतीत घर पाहत असतो. आता घेऊन दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या घराच्या नफ्यावर, २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे, महागाईची वजावट न देता साडेबारा टक्के कर लागतो. फर्निचर आणि एसीचे पैसे परत येत नाहीत. विकायचे राहून गेले तर घर वारसांकडे जाते, आणि त्यातला एक पुण्यात, दुसरा हैदराबादेत असतो.