दहा डॉलर, पाच डॉलर

१८५० साली अमेरिकन काँग्रेसने पळून गेलेल्या गुलामांना परत धरून आणण्यासाठी कडक कायदा केला. त्यात एक कलम मेहनतान्याचं होतं. पकडलेला माणूस मालकाचाच आहे असा निवाडा दिला, तर कमिशनरला १० डॉलर. तो सोडून दिला, तर ५. खुलासाही तयार होता: मालकाच्या हवाली करायचं तर कागदपत्रं जास्त रंगवावी लागतात. ज्याच्या आयुष्याचा फैसला व्हायचा, त्याची साक्ष मात्र ग्राह्य नव्हती. ज्यूरीही नव्हती.

हे कुणा माथेफिरूचं काम नव्हे. देश फुटू नये म्हणून हेन्री क्लेसारख्या मुरब्बी पुढाऱ्याने मांडलेल्या मोठ्या तडजोडीचा तो एक हप्ता होता. बदल्यात उत्तरेला कॅलिफोर्निया गुलामीमुक्त राज्य म्हणून मिळालं आणि राजधानीतला गुलामांचा व्यापार बंद झाला. गंमत अशी, की क्लेचा एकत्रित मसुदा सिनेटमध्ये कोसळला. मग स्टीफन डग्लसने त्याचे तुकडे करून प्रत्येकासाठी वेगळं बहुमत जमवलं. सगळ्या विधेयकांना होकार देणारे मोजकेच निघाले. बाकीच्यांनी आपल्या सोयीचं तेवढं उचललं. कुणीच फारसं काही सोडलेलं नसताना तिला तडजोड का म्हणायचं, हा प्रश्न मला पडतो.

त्याआधीची १८२० ची मिसुरी तडजोड चौतीस वर्षं टिकली. मिसुरी गुलामीचं राज्य, मेन मुक्त, आणि लुइझियाना खरेदीच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाची रेघ. तिच्या उत्तरेला गुलामी नाही. ती टिकली याचं एक कारण, मला वाटतं, तिने उत्तरेकडच्या सामान्य माणसाकडे काहीच मागितलं नाही. गुलामी रेघेपलीकडे होती. मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्यांनी दक्षिणेचा कापूस विणावा आणि मालकांनी रविवारी शांतपणे चर्चला जावं, एवढी सोय तिच्यात होती.

१८५० च्या कायद्याने ही सोयच मोडली. आता मार्शलने हाक दिली तर रस्त्यावरच्या नागरिकानेही पळालेल्याला धरायला हात लावायचा होता. २४ मे १८५४ ला बोस्टनमध्ये अँथनी बर्न्स पकडला गेला. व्हर्जिनियातून निसटून तो एका कपड्यांच्या दुकानात कामाला लागला होता. त्याला सोडवायला कोर्टावर जमाव चालून गेला, त्या झटापटीत एक पहारेकरी ठार झाला; तरी निवाडा मालकाच्या बाजूने लागला. २ जूनला सैनिकांच्या गराड्यात त्याला बंदरावर नेलं, तेव्हा वाटेवरच्या इमारतींवर काळी कापडं लटकत होती. कालपर्यंत तडजोडीची तळी उचलणारे कित्येक प्रतिष्ठित व्यापारी त्या आठवड्यात गुलामीचे कट्टर वैरी झाले. त्याच दिवसांत डग्लसच्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ३६-३० ची रेघही पुसून टाकली.

या तडजोडींची एक वकिली मात्र गंभीरपणे ऐकायला हवी. १८५० मध्येच युद्ध पेटलं असतं तर उत्तर कदाचित हरली असती. दहा वर्षांत तिची लोकसंख्या, रेल्वे, कारखाने वाढले आणि त्या बळावर संघ वाचला. हिशेब खोटा नाही. पण ही दहा वर्षं उसनी घेतली ती कुणाच्या खात्यातून? १७९० मध्ये सुमारे सात लाख असलेले गुलाम १८६० पर्यंत चाळीस लाखांच्या घरात गेले होते. त्यांच्यापैकी एकालाही त्या बैठकींना बोलावणं नव्हतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. संघ सावरणाऱ्या मुत्सद्द्यांना त्या अर्पणपत्रिकेत जागा नाही, आणि ते बरोबरच आहे.

लिंकन निवडून आल्यावरही तडजोडीची खटपट थांबली नाही. नव्या मुलखात गुलामी पसरू द्यायला त्याने ठाम नकार दिला. पण जिथे ती होती तिथे काँग्रेसने कधीच हात घालू नये, अशी घटनादुरुस्ती काँग्रेसने मार्च १८६१ मध्ये, त्याच्या शपथविधीच्या तोंडावर, दोन तृतीयांश मतांनी संमत केली. आपली तिला हरकत नसल्याचं लिंकनने पहिल्याच भाषणात सांगून टाकलं. म्हणजे चाळीस लाख माणसांची गुलामी राज्यघटनेत कोरून द्यायलाही उत्तरेचे पुढारी तयार होते. सौदा फिसकटला, कारण फुटून निघालेल्या सात राज्यांना एवढी किंमतही कमी वाटली.