कोंढाण्याची कथा आणि पडद्यावरचा धर्म

मध्ययुगीन वीरकथेचा चित्रपट करताना मुख्य प्रश्न नैतिक असतो: पदरचे किती घालावे, आणि कशाला हात लावू नये? मराठीत हा प्रश्न तानाजी मालुसरे यांच्या कथेत सर्वांत ठळकपणे उभा राहतो.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात कोंढाणा किल्ला, म्हणजे आजचा सिंहगड, मोगलांकडे गेला. फेब्रुवारी १६७० मध्ये तो परत घेताना तानाजी धारातीर्थी पडले. सभासदाने लिहिलेल्या शिवाजी महाराजांच्या बखरीत मावळे वानरासारखे कडा चढतात. घोरपडीच्या कमरेला दोर बांधून चढणे ही पोवाड्याने घातलेली भर. ती खोटी असली तरी त्रास देत नाही, कारण कड्याची अवघड चढण तिच्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येते.

तानाजींचा मुलगा रायबा याच्या लग्नाचा प्रसंगही पोवाड्यातलाच, पण त्याचे वजन वेगळे. विवाह हा सोळा संस्कारांपैकी एक, मुलाचे लग्न लावणे हे बापाचे कर्तव्य. स्वामिकार्यासाठी तानाजी ते बाजूला ठेवतात. इथे धर्म आणि अधर्म समोरासमोर नाहीत. दोन्ही बाजूंना धर्मच आहे. अर्जुनाला अशा वेळी सांगायला कृष्ण होता, तानाजींना निवड स्वतःच करावी लागली.

हाच पेच शत्रूच्या बाजूलाही आहे. किल्लेदार उदेभान राठोड रजपूत होता, मोगलांचा चाकर होता आणि मिठाला जागून लढला. बखरीत तो आणि तानाजी एकमेकांच्या हातून पडतात. एकाच निष्ठेने वागणारी दोन माणसे एकमेकांना मारतात, हे या कथेचे खरे दुःख आहे.

बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये आणि प्रभात फिल्म कंपनीने १९३३ मध्ये ‘सिंहगड’ पडद्यावर आणला. ओम राऊत यांच्या २०२० च्या ‘तान्हाजी’त उदेभान मगर भाजून खाणारा क्रूरकर्मा होतो. दृश्य लक्षात राहते, पण धर्मसंकट संपते. क्रूरकर्म्याला मारताना कोणालाच विचार करावा लागत नाही. घोरपडीची भर चालते, ही चालत नाही. ती तानाजींच्या निवडीचेही मोल कमी करते.

दुबई सिलिकॉन ओएसिससारख्या वसाहतीत वाढणाऱ्या मराठी मुलांना सिंहगडाचा कडा सहज पाहायला मिळत नाही. त्यांची तानाजींशी पहिली भेट बहुधा पडद्यावरच होते, म्हणून चित्रपटकाराची जबाबदारी वाढते. सभासदाने ही लढाई थोडक्यात सांगितली आहे. चित्रपट दाखवल्यावर पालकांनी तेवढा भाग मुलांना जरूर वाचून दाखवावा.